हूं की चूं नाही

"घरात हिला कोण मारतं?"

डॉक्टर मगदूमबाईंनी हे विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. उजेडाच्या पेटीवर माझ्या सानिकाच्या पायाचा एक्स-रे लावला होता, त्याच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत. मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त माझी सासू होती, आणि ती सानिकाला मांडीवर घेऊन पदराच्या टोकाची बाहुली करून नाचवत होती.

"मारतं? कुणी नाही मॅडम."

"हे बघा. हा घोट्याच्या वरचा मोड ताजा नाही. त्याच मोडक्या पायावर मुलगी हिंडली आहे आणि आत पू झालाय. हे एक." त्यांनी पेनचं टोक खाली सरकवलं. "इथं जुनं मोडून जुळलंय. इथं बोटातही. हाताचा फोटो काढला तर त्यातही सापडलं. जिभेवर चावल्याचे व्रण, तळहाताला चटका. मुलगी अजून बालवाडीत नाही गेलेली. नुसती पडून एवढं होत नाही बाई."

हाताचं मला माहीत होतं. ओट्यावरून पडली होती आणि सासूनेच तो हात बांधला होता. चटकाही माहीत होता, तव्यावर हात ठेवला होता तिने. पण पायातले जुने मोड मला पहिल्यांदाच दिसत होते. माझ्या पोटच्या पोरीचं हाड मोडलं, आपोआप जुळलं, आणि मला पत्ता नाही.

"ती रडली नाही कधी," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मार खाणारी मुलं एका टप्प्यानंतर रडायची बंद होतात. मला पोलिसांना कळवावं लागेल. पायाचं ऑपरेशन आजच करावं लागेल, नाहीतर पाय जाईल. आणि त्यानंतर चौकशी होईपर्यंत मुलगी तुमच्याकडे देता येणार नाही."

पाय जाईल आणि पोरही जाईल, असं दोन वाक्यांत मला सांगून त्यांनी फोनकडे हात नेला.

इथे थोडं घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव कृष्णाकाठी, मिरजेपासून तासाभराच्या वाटेवर. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीतच आहे, पण माझी सासू माझी खरीच आत्या. माझ्या वडलांची सख्खी बहीण. मामाची पोरगी सून करून आणायची पद्धत घराण्यात पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यामुळे मी बारावीला गचकल्यावर फार कुणी डोकं खाजवलं नाही. आत्याच्या सर्जेरावाशी लग्न लावून मोकळे झाले. लग्नाआधी मी तिला 'तू' म्हणायचे, ते नंतरही तसंच राहिलं. गावातल्या बायकांना ते खटकायचं. आत्याला नाही.

आत्याचं नाव हिराबाई, पण पंचक्रोशीत सगळे हिराक्का म्हणायचे. ती हाडं बसवायची. निखळलेला खांदा, मोडलेलं मनगट, पाठीत भरलेली उसण, सगळं तिच्या अंगणात यायचं. तालमीतले पैलवान तर शर्ट काढून ओळीने बसलेले असत. ही विद्या माझ्या आजोबांची, तात्यांची. त्यांनी ती तिन्ही पोरांना सोडून एकट्या पोरीला दिली. माझे वडील याचा राग मरेपर्यंत धरून होते. दारू पोटात गेली की म्हणायचे, "तात्यांची लाडकी ती. आमास्नी नांगूर दिला आन्‌ तिला हात दिला."

आणि हात होताही तसाच. बाकीचे हाडवैद्य विचारतात, कुठं दुखतंय, इथं का, की इथं. आत्याने जन्मात कुणाला असं विचारलं नाही. बोटं फिरवायची, जागा सापडली की खटकन बसवायची. माणूस केकाटला की म्हणायची, "गप ऱ्हा की. हाड तुजं बसतंय का तोंड?" लोक हसायचे. केकाटणाराही मग लाजून हसायचा.

तिचे स्वतःचे किस्से तर गावाला तोंडपाठ. कढईतली पुरी ती बोटाने उलटायची. कडबा कापायच्या यंत्रात एकदा बोटाचं पेर गेलं, तर आधी ते पेर शोधून कुत्र्यानं नेऊ नये म्हणून उकिरड्यात पुरलं आणि मग रक्ताला चिंधी बांधली. सर्जेरावाच्या वेळी शेतातलं तण भांगलता भांगलता बाळंत झाली आणि पाटीत पोर घालून घरी आली. आणि मामा, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हाची गोष्ट तर लोक मान हलवत सांगायचे. मी तेव्हा माहेरी शाळेत होते. मामांच्या पोटात आतडं फुटलं होतं. ते गडाबडा लोळत होते आणि ही उशाशी बसून म्हणत होती, "बायामानसावानी वराडू नगासा. श्येजारी काय म्हंत्याल." उजाडायच्या आत ते गेले. गाव म्हणायचं, हिराक्कानं नवऱ्याला मरतानासुद्धा रडू दिलं नाही, केवढी छाती.

अशा घरात मी आले, जिला काटा टोचला तरी वाड्या-वस्त्यांना कळायचं. भाजी चिरताना बोट कापलं की मी आधी ओरडायचे आणि मग बघायचे. आत्या म्हणायची, "आमची शालन म्हंजी पिकल्यालं केळं. हात लावला की काळं." सानिकाच्या वेळी मी बारा गावं जागी केली. आत्याने तेव्हा माझ्या तोंडावर हात ठेवला होता. "वराडून पोर लौकर येतंय व्हय? नाटकी कुठली." मला तिचा रागही यायचा आणि आतून स्वतःचीच लाजही वाटायची. हिच्या भावाची पोर असून आपण अशा कशा, असं वाटायचं.

सानिका मात्र आजीवर गेली. लस टोचली तरी ती सुईकडे टकामका बघायची. नर्स म्हणायची, असं शहाणं बाळ पाहिलं नाही. आत्याला तर आकाश ठेंगणं व्हायचं. "माजं रगात हाय त्ये. हूं न्हाई की चूं न्हाई."

मग त्या दिवशी तिच्या पायाला सूज दिसली. सर्जेराव ट्रक घेऊन हुबळीकडे गेला होता. आत्याने बोटं फिरवली आणि म्हणाली, "बारीक चीर गेलीया. जुळंल." लेप लावला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या. पण पोरगी पट्ट्यांसकट अंगणभर पळत राहिली. पुढे काही दिवसांनी तिला आंघोळ घालताना मला पायाच्या फडक्याचा वास आला. सडल्यासारखा, गोडसर.

"आत्या, हिच्या पायाला वास येतोय."

"कसला वास? लेपाचा आसंल."

"लेपाचा नाही. इकडं ये आणि घे बरं वास."

ती आली, वाकली, फडक्याला नाक लावलं. "काय न्हाई. तुजं आपलं कायतरीच."

मी फडकं सोडलं. आतला पाय बघून मी किंचाळले आणि सानिका मला हसली. तिला वाटलं, आई खेळतेय. पहिल्या सापडलेल्या गाडीने मी मिरज गाठली. आत्या बडबडत का होईना, बरोबर आली.

तर डॉक्टरांचा हात फोनवर होता. आत्याची पदराची बाहुली थांबली होती.

"कोन मारतंय म्हनलासा?" तिने विचारलं.

"आजी, मी तुमच्याशी नंतर बोलेन."

"न्हाई, आत्ताच बोला. माज्या नातीला कोन मारतंय? ही?" तिने माझ्याकडे बोट केलं. "ही मुंगी मारत न्हाई. झुरळाला भिऊन खाटंवर चडती."

"मग मोडक्या पायावर मूल चालतं कसं? कुणी धाक घातल्याशिवाय?"

"आमच्या घरात न्हाई कोन रडत. रीतच न्हाई."

हे ऐकून डॉक्टरांची भिवई वर गेली. मला आत्याचं तोंड दाबावंसं वाटलं. आपल्याच तोंडाने ती आम्हाला अडकवत होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

तेवढ्यात नर्स रक्त घ्यायला ट्रे घेऊन आली. सानिकाचा दंड आवळला, सुई आत गेली. शीर सापडेना म्हणून नर्सने ती काढून पुन्हा घातली. मी भिंतीकडे तोंड केलं. सानिका म्हणाली, "आजी, बघ, लाल." आवाजात नुसतं कौतुक होतं.

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला.

त्या उठून आल्या, सानिकासमोर वाकल्या. तिच्या हातात आपलं पेन दिलं. ती पेनचं बटण टकटक करत बसली आणि डॉक्टरांनी त्या सुजलेल्या, पू भरलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. आधी हलका, मग जोरात. मला खोलीतून पळून जावंसं वाटलं. सानिकाने पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. पेनची टकटक चालूच होती.

"ही घाबरलेली नाही," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या.

"त्यात काय घाबरायचंय?" आत्या म्हणाली. "तुमी शहरातल्या मानसांनी ह्येचं लई थोतांड करून ठेवलंय. सुई म्हंजी काय, आन्‌ ह्ये काय." असं म्हणत तिने ट्रेमधली नवी सुई उचलली, टोपण काढलं आणि अंगठ्याच्या बुडाशी तळहाताच्या मांसात पार शेवटापर्यंत घुसवली. "ह्ये बगा. झालं काय? मेली का म्हातारी?"

हात तिचा होता. ओरडले मी.

नर्सच्या हातून ट्रे पडला. बाटल्या, बोळे, सगळं फरशीवर. आत्या तो हात तसाच पुढे धरून बसली होती, सुई मांसात उभी, आणि चेहऱ्यावर नेहमीचं, अंगणात पैलवानाला गप्प करतानाचं हसू. मी तिला आयुष्यभर पाहत आले होते. पुरी उलटताना, पेर पुरल्याचं सांगताना. त्या क्षणापर्यंत मला ती धीराची वाटायची. तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. धीर करणाऱ्या माणसाचा जबडा आवळलेला असतो, कपाळाला एखादी शीर असते. तिथे काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी हळूच ती सुई काढली. बोळा दाबून धरला. मग स्टूल ओढून आत्याच्या पुढ्यात बसल्या. आवाज पार बदलला होता.

"आजी, दुखलं?"

"दुकलं की. थोडंफार."

"कसं दुखलं?"

"कसं म्हंजी? टोचल्यालं कळलं."

"कळलं. पण नको वाटलं का?"

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू तिला कन्नडमध्ये काही विचारलं होतं. "नगो का वाटंल?"

नर्स बाटल्या गोळा करायची थांबली होती. डॉक्टरांनी एक बोळा कशात तरी भिजवून आणला. "डोळे मिटा. हे कशाचं आहे, वासावरून सांगा." मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथवर त्या स्पिरिटचा वास नाकात झोंबला.

"पानी," आत्या म्हणाली.

"आणि हे?" त्यांनी नर्सच्या खिशातली बामची बाटली उघडून नाकाखाली धरली.

"वास न्हाई ह्येला." मग जरा वेळाने, "आसंल काईतरी. सर्दी हाय मला."

तिला सर्दी नव्हती. घरात दूध करपून काळं झालं तरी चुलीशी बसलेल्या आत्याला कळायचं नाही, ते मला आठवलं. तूप कढवताना ती नेहमी मला हाक मारायची, "शालन, झालं का बघ गं." मला वाटायचं, सुनेला बसू द्यायचं नाही म्हणून सासूपणा करते. ती विचारत होती, कारण तिला खरंच कळत नव्हतं. आणि एवढ्या वर्षांत ते कुणाच्या, तिच्या स्वतःच्यासुद्धा, ध्यानात आलं नव्हतं. सानिकाच्या नाकाशी डॉक्टरांनी तोच बोळा धरला. सानिकाने तो चाटायला जीभ काढली.

"तुम्ही नवरा-बायको नात्यातले?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"मी त्यांच्या मामाची मुलगी. ही माझी सख्खी आत्या."

"आणि आजींचे आईवडील?"

"तेही आतेमामे भावंडंच."

डॉक्टरांनी हातातला बोळा टाकून दिला आणि स्टूल माझ्याकडे वळवलं. मग बोलल्या ते अगदी साधं बोलल्या, आणि ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. म्हणाल्या, "पायाला लागलं की पायातून मेंदूकडे निरोप निघतो. तो मेंदूत पोचला की आपल्याला दुखतं. ह्या दोघींच्या नसांमध्ये तो निरोप सुरूच होत नाही. जन्मापासून. वासाचाही तसाच. रक्तातून आलेलं आहे हे. एकाच बाजूने आलं तर माणसाला काही होत नाही, त्याला कळतही नाही. आई आणि वडील दोघांकडून आलं तर असं होतं. तुमच्या घराण्यात ते एकाच ठिकाणाहून निघालंय आणि तुम्ही लग्नं करून पुन्हा पुन्हा एकत्र आणलंय. रक्त पुण्याला पाठवून खात्री करू, पण मला आता फारशी शंका नाही."

"म्हंजी डीपीवरनंच लाइट न्हाई," आत्या म्हणाली. तिला हे लगेच कळलं. आमच्या मळ्यात डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बंद पडणं रोजचंच होतं.

"बरोबर. बल्ब चांगला आहे, तार तिथेच तुटलेली आहे."

मला मात्र एकच विचारायचं होतं. लाज वाटत होती, पोरीचा पाय तसा पडला असताना स्वतःचं विचारायची. तरी विचारलं. "मॅडम, मग मी? मीही ह्याच घरातली. मला एवढं का दुखतं? सगळ्यांपेक्षा जास्त?"

"कारण निरोप पोचला तरी तो सगळ्यांच्या मेंदूत सारखा उमटत नाही. दुखणं जिथं जाणवतं ते मेंदूचे भाग एकाचे जाड असतात, एकाचे पातळ, त्यांच्या जोडण्या वेगळ्या. काही आईवडलांकडून येतं, काही वाढताना घडतं. तीच सुई दोघांना टोचली तरी दोघांचं दुखणं एक नसतं. तुम्हाला जास्त दुखत असेल तर ते जास्तच दुखतं. त्यात नाटक नाही."

नाटक नाही. एवढ्या दोन शब्दांनी मी तिथे, त्या स्पिरिट सांडलेल्या खोलीत, हमसून हमसून रडायला लागले. सानिकाने मला पेन देऊ केलं.

मग डॉक्टर आत्याकडे वळल्या. त्यांनी तिची पावलं उचलून पाहिली, घोटे फिरवले, गुडघे दाबले. "मला एक कळत नाही. ह्या आजाराच्या माणसांचे सांधे तरुणपणीच निकामी होतात. मोडलेलं कळतच नाही, तसेच हिंडतात. आजी, तुमचे पाय ह्या वयात शाबूत कसे?"

"मी हाडवैद्य हाय," आत्या ताठ मानेने म्हणाली. "माजं मला कळतंय. मी रोज बघती."

"रोज काय बघता?"

हे मी सांगितलं, कारण आमच्या घरात ते देवाला दिवा लावण्याइतकं नेहमीचं होतं. रोज तिन्हीसांजेला आत्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि पायाच्या करंगळीपासून मानेच्या मणक्यापर्यंत आपलं सगळं अंग बोटांनी चाचपायची. तळवे कंदिलाशी धरून बघायची. जीभ आरशात बघायची. त्यात कधी खंड नाही. आमच्या लग्नाच्या दिवशीही नाही. ते झाल्याशिवाय जेवायची नाही. तात्यांनी तिला लहानपणीच ही शिस्त लावली होती. हाडवैद्याने आधी रोज आपली हाडं पाठ करायची, मग दुसऱ्याच्या हाडाला हात लावायचा.

"तुमचे वडील स्वतः असं करायचे का?" डॉक्टरांनी विचारलं.

आत्या उत्तर द्यायला गेली आणि थांबली.

"तुमचे वडील," डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "ते स्वतःचं अंग रोज असं चाचपायचे?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "त्ये माजंच बघायचं. मी ल्हान हुते तवा. मंग म्हनले, आता तुजं तू बघ."

मला ते डॉक्टरांच्या तोंडून यायच्या आधीच कळलं. तात्यांना माहीत होतं. त्यांच्यापाशी ह्या आजाराचं नाव नव्हतं, पण पोरीला काही केल्या दुखत नाही आणि आपण मेल्यावर तिचं कोण बघेल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तिला विद्या दिली. गावासाठी नव्हे, नावासाठी नव्हे. तिचं मोडलेलं हाड तिचं तिला सापडावं म्हणून. आणि कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिला कुणी करून घेतली नसती. माझे वडील जन्मभर ज्याला लाड समजून जळत राहिले, तो लाड हा होता.

"माजा हात चांगला हुता म्हनून शिकिवलं मला," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी तिचं पाऊल हळूच खाली ठेवलं.

"शालन. माजा हात चांगला हुता म्हनून शिकिवलं न्हवं?"

"हात चांगलाच आहे तुझा," मी म्हटलं.

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. बोळ्याखालून रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आला होता, तो तिने नेहमीसारखा पदराला पुसला. मग सानिकाच्या पायाकडे पाहिलं. हिचं अंग आपण रोज का चाचपलं नाही, हे तिच्या मनात आलं असणार. पोरगी शिकायच्या वयाची झाली नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. मला वाटलं, आता ही मोडते की काय. पण ती मोडली ती त्यावर नाही.

"म्हंजी," ती सावकाश म्हणाली, "मला न्हाई. आन्‌ ह्या पोरीला न्हाई. आन्‌ बाकी समद्यांस्नी हाय?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

"ही मानसं अंगनात वराडत्यात. पैलवान-बिलवान. ही शालन वराडती. ती..." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत अशी भीती मी कधीच पाहिली नव्हती. "ती खरंच वराडत्यात?"

"खरंच, आत्या."

"मला वाटलं, समद्यांस्नी माज्याएवडंच हुतंय. आन्‌ त्येवड्यासाठनं गोंधूळ घालत्यात."

सानिकाला ऑपरेशनला नेलं, तेव्हा आत्या बाकावर तशीच बसून होती. तिन्हीसांज होऊन गेली तरी तिने स्वतःच्या पायांना हात लावला नाही.

पाय वाचला. पुण्याहून रक्ताचा निकाल आला तो डॉक्टर म्हणाल्या होत्या तसाच. पोलिसांचा विषय त्या खोलीतच मिटला होता. सानिका आज कॉलेजात जाते, किंचित लंगडते, आणि रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून आपलं अंग चाचपते. तिला ते आत्याने शिकवलं. पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलंय.

आम्ही मिरजेहून परत आलो आणि आत्याने अंगणात बसणं सोडलं. माणसं यायची, ताटकळायची, परत जायची. गावात बोलवा झाली, हिराक्काचा हात गेला. सर्जेरावाने समजूत काढली, तालमीचे वस्ताद येऊन गेले. ती आपली आत, सानिकाच्या प्लॅस्टरपाशी बसून राहायची.

मग एका सकाळी एका पोरसवदा पैलवानाला दोघांनी धरून आणलं. खांदा निखळून पुढे आला होता. चेहरा पांढराफटक. दवाखान्यात न्या म्हटलं तर ऐकेना. उंबऱ्यापाशी ओणवा होऊन म्हणाला, "आक्का, पाया पडतो."

आत्या बऱ्याच वेळाने बाहेर आली. त्याच्याजवळ बसली. हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. मग मला हाक मारली.

"शालन. हितं ये. ह्येच्या समोर बस."

"मी? मला बघवत नाही आत्या, माहीत आहे तुला."

"म्हनूनच बोलिवलं. ह्येच्या तोंडाकडं बघत ऱ्हा. तुला बघवंना झालं की सांग. मी थांबती."

मी बसले. तिने त्याच्या काखेत मूठ दिली आणि हात हळू ओढायला घेतला. ती खांद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या पोराचे ओठ निळे पडले, मान ताठली, आणि माझ्या स्वतःच्या खांद्यातून कळ गेली.

"थांब," मी म्हटलं.

ती थांबली. ज्या बाईने माझ्या तोंडावर हात ठेवला होता, ती माझ्या एका शब्दावर थांबली. पोराने श्वास घेतला. तिने पुन्हा जरासं ओढलं. पुन्हा मी थांब म्हटलं, पुन्हा ती थांबली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी खटकन आवाज झाला आणि पोराचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. तो रडत होता. आत्याने त्याला गप्प राहा म्हटलं नाही.

ते लोक गेल्यावर मी तिच्या हातांवर पाणी घातलं. ती बोटं एकमेकांवर चोळत राहिली, पाणी संपलं तरी चोळत राहिली.

"शालन."

"काय गं?"

"तुजं मामा वराडत हुतं तवा तू न्हवतीस गं घरात."